वर धान्य, खाली माणसे : चंदीगडचा हवाई तळ

[दृश्य : नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी. पाण्याच्या कमानीखालून जाणारे विमान.]

11 ऑक्टोबर 2024. डोंगर फोडून, उलवे नदीचा प्रवाह वळवून आणि खाडीकाठची जमीन भरावाने उंच करून तयार केलेल्या नवी मुंबईच्या धावपट्टीवर त्या दुपारी भारतीय हवाई दलाचे सी-295 हे विमान उतरले. त्याच कार्यक्रमात सुखोई-30 या लढाऊ विमानानेही धावपट्टीवरून झेप घेत सलामी दिली. लढाऊ विमानाच्या गर्जनेने मान आपोआप वर होते, हे खरेच आहे. पण त्या दिवशी जमिनीला चाके टेकली ती सैनिक आणि सामान वाहून नेणाऱ्या विमानाची.

याच्या अकराच दिवस आधी हिमाचल प्रदेशातील चंद्रभागा शिखरांच्या परिसरात लष्कराच्या शोधपथकाला बर्फात चार जवानांचे अवशेष सापडले होते. 7 फेब्रुवारी 1968 रोजी एएन-12 जातीचे एक मालवाहू विमान 102 जणांना घेऊन लेहकडे निघाले, वाटेत हवामान बिघडल्यामुळे वैमानिकाने परत फिरण्याचा निर्णय घेतला आणि रोहतांग खिंडीच्या आसपास त्याचा संपर्क तुटला. अवशेषांचा पहिला माग गिर्यारोहकांना 2003 मध्ये लागला. ते विमान ज्या तळावरून उडाले होते, त्या चंदीगडची ही गोष्ट आहे.

[दृश्य : नकाशा. चंदीगड ते लेह.]

लडाखला जाणारे रस्ते हिवाळ्यात बर्फाखाली जातात. सुमारे 11,500 फुटांवरची झोजी ला खिंड बंद झाली की श्रीनगरची वाट तुटते. मनालीच्या बाजूला 2020 मध्ये अटल बोगदा खुला झाल्याने रोहतांगचा अडथळा टळला खरा, पण पुढची बारालाचा ला खिंड उघड्यावरच आहे. तेव्हा सैन्याला लागणारे धान्य, रॉकेल, औषधे, दारूगोळा आणि खुद्द सैनिकही आकाशातून न्यावे लागतात. या हवाई रसदीसाठी चंदीगडची जागा सोयीची आहे. हे शहर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, जेमतेम हजार फूट उंचीवर आहे, अंबाल्याचे मोठे रेल्वे जंक्शन जवळ आहे आणि येथून लेह हवाई मार्गाने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे.

या वाटेवर पहिले पाऊल मात्र तळ उभा राहण्यापूर्वीच पडले होते. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा हे मालवाहू विमान उतरवले. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसलेल्या विमानातून हिमालय ओलांडणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या प्रवाशाला येणे कठीण आहे.

1961 मध्ये सोव्हिएत बनावटीची एएन-12 विमाने हवाई दलात आली आणि पुढच्याच वर्षी त्यांची कसोटी लागली. चीनशी युद्ध पेटले असताना 25 ऑक्टोबर 1962 रोजी या विमानांनी चंदीगडहून एएमएक्स-13 हे हलके रणगाडे लडाखमधील सीमेजवळच्या चुशुलला पोहोचवले. चुशुलची धावपट्टी 14,000 फुटांहून उंच होती आणि एकेका रणगाड्याचे वजन 14 टनांच्या आसपास होते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये स्क्वाड्रन लीडर राजे यांनी सी-119 पॅकेट हे विमान लडाखच्या उत्तर टोकाला 16,614 फुटांवर असलेल्या दौलत बेग ओल्डी येथे उतरवले होते. पॅकेटची मूळ ताकद त्या उंचीला पुरेशी नसल्यामुळे त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवण्यात आले होते. पुढे ती धावपट्टी ओस पडली. 31 मे 2008 रोजी, म्हणजे 43 वर्षांनी, चंदीगडहून निघालेले एएन-32 तेथे पुन्हा उतरले.

[दृश्य : पहाट. विमानाच्या मागच्या उघड्या दारातून आत जाणारे सामान.]

येथे थोडे थांबून उंचीचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण या तळाचे सारे वेळापत्रक त्यावर बेतलेले आहे. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाला कमी हवा मिळते आणि पंखांनाही कमी उचल लाभते. ऊन चढले की हवा तापून आणखी विरळ होते, शिवाय दुपारनंतर दरीत वारे सुटतात. म्हणून लेहची उड्डाणे पहाटे निघतात आणि सकाळच्या गारव्यात कामे उरकतात. लेहच्या धावपट्टीच्या एका टोकाला डोंगर असल्याने विमाने एका दिशेने उतरतात आणि उलट दिशेने उडतात. चंदीगडहून भरलेले विमान वर जाऊ शकते, पण सुमारे 10,700 फुटांवरच्या लेहहून तेवढेच वजन घेऊन उडणे त्याला जमत नाही. वर धान्य आणि खाली माणसे, ही विभागणी या हिशेबातूनच आलेली आहे.

1984 पासून आलेल्या एएन-32 विमानांची इंजिने पंखांच्या वर, उंचावर बसवलेली दिसतात. उष्ण आणि उंच प्रदेशासाठी भारताने मागितलेल्या जादा ताकदीच्या इंजिनांना मोठे पंखे (प्रोपेलर) लागतात आणि ते जमिनीला टेकू नयेत, हे त्यामागचे कारण. हे विमान साधारण साडेसहा टन माल नेते, तर 1985 मध्ये आलेले आयएल-76, ज्याला हवाई दल ‘गजराज’ म्हणते, 40 टनांहून अधिक. 13 एप्रिल 1984 रोजी सियाचिनची मोहीम सुरू झाल्यावर या विमानांनी आणलेली रसद पुढे हेलिकॉप्टरने हिमनदीवरच्या चौक्यांपर्यंत जाऊ लागली. चंदीगडच्या तळावर 2019 मध्ये जड सामान उचलणारी चिनूक हेलिकॉप्टरेही दाखल झाली.

[दृश्य : पनवेल स्थानकाचा फलाट.]

रजेवर निघालेल्या पनवेल किंवा उरणकडच्या जवानासाठी या तळाचा अर्थ फार साधा आहे. लेहहून निघालेल्या विमानात जागा मिळाली तर तो चंदीगडला उतरतो आणि तेथून सुटणारी केरळ संपर्क क्रांती एक्सप्रेस त्याला थेट पनवेलच्या फलाटावर आणून सोडते. गाडीचे आरक्षण त्याने कितीही आधी केलेले असो, लेहवर ढग उतरले तर ती त्याच्याविनाच सुटते.