पट्टा तुटत नाही, तोडतात

राम राम, मेकॅनिक मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या स्कूटरचा पट्टा आणि क्लच’. क्लचवर येतोच, पण आधी पट्ट्याची वकिली करू द्या. त्याची बाजू कोणी घेतच नाही. गाडी ओढत नाही म्हटलं की निदान ठरलेलं: ‘पट्टा गया भो!’ नवा टाकतात, तोही महिन्या-दोन महिन्यांत सालपटं सोडतो, मग ‘माल डुप्लिकेट’ म्हणून दुकानदाराशी भांडण.

नमुना म्हणून कायनेटिक होंडा घेऊ. 1984 ला आली, 98 सीसी, टू-स्ट्रोक. कारखाना मध्य प्रदेशातल्या पिथमपूरचा, आग्रा रोडने सेंधव्याकडून गेलं तर धुळ्याला पुण्यापेक्षा जवळ. तेव्हा ही आपलीच शेजारीण. पुढे व्हेरिएटर, म्हणजे वेगाप्रमाणे प्लेटा जवळ-दूर होणारी पुली, मागे क्लचवाली पुली, मधे व्ही-पट्टा, हे इथे कोणाला सांगायला नको. याच जातीचा पट्टा हॉलंडच्या डाफ कंपनीने 1958 मध्ये मोटारीत बसवला होता. ती मोटार जेवढी पुढे पळायची तेवढीच मागेही पळायची. हसू नका, आपल्याकडे बसस्टँडच्या गर्दीत फार कामाला आली असती.

आता माझी खरी तक्रार. पट्टा मरतो तो बसवतानाच. पुढची प्लेट काढली, पट्टा टाकला, प्लेट ठेवली, एअर गनने नट आवळला, झालं! पण पट्टा मागच्या पुलीत वरच्या काठावर ताठ बसलेला असेल, तर पुढे त्याला ढील मिळत नाही. तो बुशवर, म्हणजे प्लेटांमधल्या नळीवर, खाली बसत नाही, दोन प्लेटांमध्ये चिमटला जातो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण प्लेट बुशला टेकलेलीच नसते. गाडी सुरू झाली की पट्टा सरकतो, नट ढिला पडतो, प्लेट डुगडुगते आणि क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टचे, आटे-दाते खाऊन टाकते. एवढ्याशा घाईत क्रँक गेला!

म्हणून आधी मागच्या पुलीच्या प्लेटा दोन्ही हातांनी फाकवा आणि पट्टा आत खोल दाबा. पुढे तो लोंबला पाहिजे. मग बुश, मग प्लेट. प्लेट हाताने बुशला टेकली, शाफ्टचे दाते तिच्या भोकातून बाहेर दिसले, तरच नट. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोरानेच आवळा. धरायला पुली होल्डर वापरा, पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवू नका. पाती अॅल्युमिनियमची असतात, तुटतात. नंतर मागची पुली हाताने फिरवा, म्हणजे पट्टा आपोआप वर येतो. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला.

दुसरा खुनी तेल. पट्टा ओला दिसला की पुसून परत लावू नका, वास घ्या. पुढच्या बाजूने पेट्रोल-टूटीचा (टू-स्ट्रोकच्या 2T ऑइलचा) वास आला तर क्रँकचं सील गेलंय. मागून सडक्या अंड्यासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. सील न बदलता पट्टा बदलणं म्हणजे गळक्या घरात नवी गादी टाकणं. ग्रीसचंही तेच. मागच्या पुलीच्या पिनांना ग्रीस लागतंच, पण बोटभर. जास्तीचं उडून पट्ट्यावरच येतं.

तिसरा आपला खानदेशी. जिनिंगच्या रस्त्याला कपाशीची रुई उडते, ती झाकणात हवा घेणारी वाट बुजवते. वर भुसावळचा मे महिना. पट्टा आत भाजून निघतो, दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. पट्टा उलटा वाकवून बघा, तेव्हाच त्या दिसतात.

झिजला का, हे व्हर्नियर सांगेल: नव्यापेक्षा एक-दीड मिलिमीटर अरुंद झाला की बदला. आणखी एक युक्ती. पुढच्या प्लेटीवर मार्करने केंद्रापासून काठापर्यंत रेघ मारा, गाडी पूर्ण वेगाने पळवून आणा. शाई जिथवर पुसली तिथवर पट्टा चढतो. काठाच्या बऱ्याच अलीकडे थांबला, तर पट्टा अरुंद झालाय किंवा व्हेरिएटरमध्ये प्लेट ढकलणाऱ्या रोलरला सपाट घट्टे पडलेत. रोलर सहाही एकदम बदला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बाहेर शेवभाजीला तर्री आलीये, मला इथपर्यंत वास येतोय. तर क्लच, पळत पळत.

उचलताना गाडी थरथरते: शू, म्हणजे क्लचचे लायनिंगवाले तुकडे, चकाकलेत किंवा ते ज्याला आतून धरतात ती घंटा निळी पडलीये. दोन्हीला खरखरीत पॉलिश पेपर मारा. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा आधी ओल्या फडक्याने पुसा, पेपरही ओलाच फिरवा, एअर मारू नका, तोंडाला मास्क. घंटा ओव्हल झाली असेल तर पेपरने भागत नाही, बदलाच. लायनिंग दोन मिलिमीटरच्या खाली गेलं की शू बदला, तेही जोडीने सगळे. तोरणमाळच्या घाटात डबलसीट, अर्ध्या थ्रॉटलवर रेंगाळत चढलात तर क्लच घसरून जळणारच.

क्लचचा मोठा नट खोलताना सांभाळा. त्याच्यामागे दबलेली स्प्रिंग असते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावल्याशिवाय हात घालू नका, नट तोंडावर येतो.

शूच्या बारीक स्प्रिंगा सैल पडल्या तर क्लच लवकर धरतो. तपासायला गाडी मेन स्टँडवर घ्या, स्लोवर, म्हणजे थ्रॉटल न देता चालू, ठेवा, ब्रेक मारून मागचं चाक थांबवा. सोडल्यावर ते जोरात फिरायला लागलं, तर आधी स्लो कमी करून बघा. तरी थांबेना, तर स्प्रिंगा.