समुद्र जिथे नाही, तिथली मुंबई

मंडळी, पाहुणे आले की आपण त्यांना कुठे नेतो? गेटवे, हाजी अली, राणीचा हार आणि परतताना चौपाटीवर भेळ. समुद्र दाखवला की मुंबई दाखवून झाली! माझं म्हणणं जरा उलटं आहे. समुद्र जिथून उठून गेला, त्या जागा बघा. तिकीट नाही, रांग नाही, सेल्फीवाल्यांचे धक्के नाहीत.

सुरुवात नावांपासून करू. पायधुनी. आज तिथे पाय धुवायचे तर आधी नळ शोधावा लागेल. पण एके काळी भरतीचं पाणी पार तिथवर यायचं. ओहोटीला चिखल तुडवत पलीकडून आलेला माणूस तिथे पाय धुऊन गावात शिरायचा, म्हणून पायधुनी. शेजारी उमरखाडी. खाडी गेली, नाव तेवढं राहिलं. हे पाणी आत घुसायचं महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला. तो सारखा ढासळायचा. मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराच्या स्वप्नात देवी आली, ‘मला पाण्यातून बाहेर काढ’ म्हणाली, आणि मूर्ती काढल्यावर बांध टिकला, अशी कथा आहे. खरी-खोटी मी ठरवणार नाही. बांध टिकला आणि पायधुनीचे पाय कोरडे पडले, एवढं पक्कं.

आता उत्तरेला या. शीव. शीव म्हणजे वेस, गावाची हद्द. अलीकडे कंपनी सरकारचं परळ बेट, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, मधे खाडी. त्या हद्दीवरच्या टेकडीवर जेराल्ड ऑंजिए गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात, किल्ला बांधला गेला. स्टेशनातून उतरून पंधरा मिनिटांत तुम्ही वर. बुरूज मोडकळलेत, भिंतींवर बदाम आणि बाण कोरलेत, ते सोडून द्या. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा आणि खाली दिसणाऱ्या गाड्या, रस्ते, पत्रे मनातल्या मनात पुसून टाका. खाली उरतो तो दलदलीचा आणि खारफुटीचा पट्टा. पहारेकरी तो बघायचा.

तिथून धारावीत उतरलात की माझा सगळ्यात लाडका किल्ला. पहिल्यांदा गेलो तेव्हा बसच्या कंडक्टरला विचारलं, “काळा किल्ला कुठे आहे हो?” तो म्हणाला, “हा काय, आला की स्टॉप!” किल्ल्याचं विचारतोय म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. बस डेपोला नाव देऊन किल्ला स्वतः घरांच्या आड दडलाय. त्याचं दुसरं नाव रिवा किल्ला. आत शिरायला धड दार नाही. पण भिंतीवर शिलालेख आहे : गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या आज्ञेने बांधला, सन १७३७.

हे साल नीट ऐका. १७३७ मध्येच चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतलं, साष्टीत पाय रोवले, आणि दोन वर्षांनी वसई पडली. म्हणजे मिठी नदीच्या पलीकडे तोवर पोर्तुगीज शेजारी होता, तिथे एकाएकी मराठे आले. त्याच वर्षी इंग्रज इथे दगड रचतात, हा मला योगायोग वाटत नाही. शाळेत आपण वसईची लढाई वसईच्या बाजूने शिकतो; तिची धास्ती मुंबईत कशी पोचली, हे या एका काळ्या भिंतीवर वाचायला मिळतं. आणि ती मिठी आज कशी आहे, ते मी सांगायला नको. नाकाला रुमाल लावून जा, पण जा.

माझगावला तर किल्लाच नाही. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने मुंबईवर चढाई केली, शिवडी आणि माझगाव घेतलं आणि वर्षभर ठाण मांडून बसला. जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त केला. आज त्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. किल्ला नसला तरी तिथून गोदी दिसते, खाली हार्बरची लोकल दिसते, आणि दुपारी बाकावर झोपलेले लोक. मला आवडतं. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव मी आज वगळतोय, त्याला आता पुष्कळ लोक भेटतात.

शेवटी शिवडी. इथे उलट आहे, समुद्र अजून पुरता गेलेला नाही. १६८० चा किल्ला, समोर चिखल आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत त्या चिखलात रोहित पक्षी. मागे २०२४ पासून अटल सेतू. पक्षी बघायला वेळ साधावी लागते. भरपूर ओहोटी असली की ते लांब जातात, पूर्ण भरतीत चिखलच बुडतो. त्यासाठी मोबाइल नको, आपल्या कोळ्यांचं गणित पुरे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, अदमासे. चतुर्थीला तीन. अष्टमीला पाऊण अठ्ठे सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेलं. तुम्ही चार वाजता शिवडीच्या धक्क्यावर असा. दुर्बीण असेल तर आणा, आणि चपला जुन्या घाला.