नमुना भोपाळला पोचेपर्यंत

[दृश्य: मे महिन्यातलं पानगळीचं जंगल. कोरड्या नाल्यात वनरक्षक आणि पशुवैद्यक.]

निवेदन:

नागपूरच्या भोवती पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा. या जंगलांतल्या एखाद्या बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या गस्तीच्या भागात, वाघ मेलेला आढळला, की तो कशाने मेला हे सांगायची जबाबदारी पशुवैद्यकावर येते. भोपाळची प्रयोगशाळा कितीही चांगली असो, निम्मा निकाल या नाल्यातच लागलेला असतो.

सुरी लावण्याआधी नुसतं बघायचं. नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठलेलं, काळपट रक्त येत असेल तर शव उघडायचंच नाही. हा अँथ्रॅक्स, म्हणजे जंतूंमुळे होणारा घातक रोग, असू शकतो. शव फाडलं की जंतूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक वर्षं टिकून राहतात. अशा वेळी कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि आधी तो तपासायचा.

ती शंका फिटली, की घाई करावी लागते. विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांत शव काही तासांतच फुगतं. स्वादुपिंड आणि आतडी सगळ्यात आधी सडतात. तपासणीला उशीर होणार असेल तर पुष्कळदा शव थेट डीप फ्रीझरमध्ये टाकलं जातं. हेतू चांगला, पण पेशींमध्ये बर्फाचे खडे होतात, पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच वाचता येत नाही. शव थंड ठेवायचं, गोठवायचं नाही.

[जवळून: यकृताचा तुकडा, रुंद तोंडाची बाटली.]

प्रत्येक अवयवाचे दोन तुकडे. एक दहा टक्के फॉर्मालिनमध्ये. जाडी एक सेंटिमीटरच्या आत, आणि तुकड्याच्या दहापट फॉर्मालिन. यकृताचा मोठा गोळा छोट्या बरणीत कोंबला, तर तो बाहेरून टिकतो आणि आतून कुजतो. दुसरा तुकडा फॉर्मालिनशिवाय, निर्जंतुक कुपीत, बर्फावर. विषाणू वाढवून बघायचा तर याच तुकड्यातून. फॉर्मालिनमध्ये तो मरतो. मेंदूचेही असेच दोन भाग, कारण रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग) तिथेच शोधावे लागतात. विषबाधेची शंका असेल तर जठरातलं अन्न, यकृत आणि मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात. सोबत त्याच द्रावणाची, नमुना न घातलेली एक बाटली पाठवायची, म्हणजे विष द्रावणातूनच आलं असा आक्षेप राहत नाही.

मग तिहेरी वेष्टन: कुपी, तिच्याभोवती कापूस, गळणार नाही असा डबा आणि बाहेर जेल पॅक भरलेली पेटी. वाघ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी, त्यामुळे पेटीबरोबर वनविभागाचे कागदही लागतात. इथे समन्वयाचं काम दिसतं. पेटी तयार आहे आणि सही राहिली, म्हणून बर्फ वितळत बसतो. या सह्या, ही पत्रं, गाडी आणि चालक उन्हाळ्याआधीच ठरवून ठेवणारा अधिकारी निदानाला मोठा हातभार लावतो.

[दृश्य: गोरेवाडा.]

२०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाड्यातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि २०२५ च्या जानेवारीत उत्तर आलं: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. अशा वेळी एकट्या पशुवैद्यकाच्या हातात फार थोडं असतं. प्राण्यांना दिलेलं मांस कुठून येतं हे पुरवठादाराला विचारायचं, पिंजरे साफ करणाऱ्यांच्या तब्येतीवर आरोग्य विभागाने नजर ठेवायची, आसपासच्या कोंबड्या पशुसंवर्धन विभागाने तपासायच्या. वाघ वनखात्याचा, कोंबडी पशुसंवर्धनाची, माणूस आरोग्य खात्याचा. विषाणूला या वाटण्या लागू नाहीत. ‘वन हेल्थ’ म्हणतात ते हेच, आणि ११ डिसेंबर २०२२ ला त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी नागपुरात झाली.

या कामात यायचं तर सुरुवात साध्या पशुवैद्यकीय पदवीने होते: इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं. पुढे विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेलं फार उपयोगी पडतं. प्राण्याला बेशुद्ध करणारा डार्ट मारण्याचं आकर्षण सगळ्यांना असतं; रोगसंशोधनाला मात्र शवविच्छेदनाच्या टेबलाशी तासन्‌तास उभं राहणारी माणसं हवीत.

[दृश्य: जंगलाकाठचं गाव, कुत्र्यांना लसीकरण.]

२०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांच्यात कुत्र्यांचा डिस्टेंपर सापडला. वन्यजीव कायद्याचं कलम ३३-अ अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटर परिसरातल्या पशुधनाला लस टोचायला सांगतं. पण त्या कायद्याच्या पशुधनाच्या व्याख्येत गायी, शेळ्या, डुकरं, कोंबड्या आहेत, कुत्रा नाही. म्हणून कुत्र्यांची मोहीम वेगळी आखावी लागते, आणि ती एकदा करून भागत नाही. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं) लस निष्प्रभ करू शकतात, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस लागतात. लस दोन ते आठ अंशांत राहिली नाही, तर टोचूनही उपयोग होत नाही.

लस पोचते आहे का, हे कुत्र्यांच्या रक्तात कळतं. विषाणू जंगलात शिरला आहे का, हे वाघाच्या. रेडिओ कॉलर लावायला बेशुद्ध केलेल्या वाघाच्या शेपटीच्या शिरेतून रक्त घ्यायचं आणि सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा स्वच्छ द्रव, त्याच दिवशी वेगळं करायचं. त्यात प्रतिपिंडं सापडली, तर वाघ आज आजारी आहे असा अर्थ नाही. विषाणू त्याला कधीतरी भेटला आणि तो वाचला. मग त्या वाघाच्या क्षेत्रातली गावं शोधून काढायची आणि तिथल्या कुत्र्यांपासून पुन्हा सुरुवात करायची.