इंजिनात हवा शिरते कशी?

हे स्प्लेंडरचं 97.2 सीसीचं इंजिन, आतलं दिसावं म्हणून कापलेलं. सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर, पिस्टनची धाव 49.5 मिलिमीटर.

क्रँक, म्हणजे पिस्टनला वर-खाली करणारा फिरता दांडा, हाताने सावकाश फिरवूया. पिस्टन खाली निघाला, वर इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, उघडला. इंजिन हवा ओढून घेतंय असं वाटतं, पण पिस्टन फक्त जागा करून देतो. आतला दाब उतरतो आणि बाहेरचं वातावरण हवेला आत रेटतं. दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलोचा हा भार. म्हणजे आपण अ‍ॅक्सिलरेटर पिळतो तेव्हा मुळात हवेची वाट मोकळी करतो. पेट्रोल तिच्या मापाने येतं.

पिस्टन तळाला टेकला. आता व्हॉल्व्ह मिटायला हवा ना? नीट बघा. पिस्टन वर निघालाय, तरी तो अजून उघडाच!

6000 आरपीएमला, म्हणजे क्रँक मिनिटाला 6000 फेरे घेताना, हवा भरायची पाळी सेकंदाला 50 वेळा येते. खालच्या एका धावेला मिळतो सेकंदाचा दोनशेवा भाग. इतक्या वेगाने आलेली हवा एकदम थांबत नाही. पिस्टन उलटा फिरला तरी ती आत घुसतच राहते. ती जास्तीची हवा पदरात पडावी म्हणून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा, असा घडवतात की व्हॉल्व्ह जरा उशिराच मिटेल. मला तर सगळ्या इंजिनात हीच करामत सर्वांत देखणी वाटते.

पुढचं झटपट घडतं. मिश्रण दाबलं जातं, पिस्टन माथ्यावर पोचायच्या जरा आधीच प्लग ठिणगी टाकतो, तापलेला वायू पिस्टनला खाली लोटतो आणि मग धूर सायलेन्सरकडे. क्रँकचे दोन फेरे, त्यात जोर देणारी धाव एकच. निकोलाउस ऑटोने 1876 मध्ये जर्मनीत हे चक्र यशस्वीपणे चालवून दाखवलं.

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 11 किलो, म्हणजे जवळपास 9 हजार लिटर हवा लागते. ती सगळी त्या एवढ्याशा एअर फिल्टरमधून येते. तो धुळीने बुजला की गाडी दम टाकते.

आणि लडाखमधल्या 5300 मीटरहून उंच खारदुंग ला खिंडीत फिल्टर कोरा करकरीत असला तरी गाडी चढाला रडते. तिथे वातावरणाचा दाबच निम्म्यावर आलेला. कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) गाडीत पेट्रोलचं प्रमाण वाढून प्लग काळा पडतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर दाब ओळखून पेट्रोल कमी सोडतो, त्यामुळे प्लग स्वच्छ राहतो. जोर मात्र दोन्ही गाड्यांचा घटतो, कारण सिलिंडरमध्ये हवाच निम्मी पोचते.