दोन महिने कसे गेले कळलंच नाही

नमस्कार मंडळी. आज एका पुस्तकाने माझं डोकं फिरवलंय त्याबद्दल बोलणार आहे. पुस्तकाचं नाव सांगत नाही, नाव घेतलं की गाडी लेखिकेवर घसरते आणि माझं तिच्याशी काही भांडण नाहीये, मला फक्त तिच्या पुस्तकातल्या दोन महिन्यांचा हिशोब पाहिजे.

तर स्टोरी अशी. हिरॉईन घड्याळं दुरुस्त करते, वडिलांचं दुकान आहे, वडील आता थकलेत आणि त्यांना एका कानाने ऐकू येत नाही. सुरुवातीची शंभर पानं म्हणजे काय लिहिलीयेत हो! डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने ती बारीकशी स्प्रिंग उचलताना पोरगी श्वास रोखून धरते आणि खोटं नाही सांगत, वाचताना मीपण रोखला. मग सत्तराव्या पानाला हिरो येतो, आजीचं लंबकाचं घड्याळ घेऊन. चालू करून द्या पण पॉलिश करू नका म्हणतो. ते सात मिनिटं पुढे असतं, तेही तसंच राहू द्या म्हणतो. ती चिडते, घड्याळ चुकीची वेळ दाखवणार असेल तर दुरुस्त कशाला करायचं? मस्त भांडण होतं, मी पाय वर घेऊन सरसावून बसले, म्हटलं आता मजा येणार.

पान 112, दोघं अजून एकमेकांना अहो-जाहो करतायत. पान 118, तो तिला सांगतोय की तुझ्याशिवाय मी श्वास घेऊ शकत नाही. मी मागे गेले, मला वाटलं दोन पानं चिकटली असतील. नव्हती चिकटली. मध्ये एक चॅप्टर संपतो आणि पुढचा सुरू होतो तो असा की पुढचे दोन महिने कसे निघून गेले ते दोघांनाही कळलंच नाही.

त्यांना नाही कळलं, ठीक आहे. पण मला का नाही कळू दिलं?

पुस्तक ज्या मैत्रिणीने दिलं तिला मी रात्रीच फोन लावला. ती म्हणाली अगं प्रेम असंच होतं, कुणाला सांगून होतं का? मान्य. जेन ऑस्टेनची 1813 सालची प्राइड अँड प्रेज्युडिस घ्या, त्यात शेवटाकडे हिरॉईन एलिझाबेथला बहीण विचारते की तुला तो कधीपासून आवडायला लागला, तर ती म्हणते इतकं हळूहळू झालं की नक्की कधी सुरू झालं सांगता येत नाही. हिरो डार्सीचंही तेच, तो म्हणतो सुरू झालंय हे कळेपर्यंत मी अर्ध्यात पोचलो होतो. म्हणजे कळलंच नाही हे वाक्य तिथेही आहे. पण ते पुस्तकाच्या शेवटी आहे हो! एकूण 61 चॅप्टर, त्यातल्या चौतिसाव्यात तो पहिल्यांदा लग्नाचं विचारतो आणि ती सरळ नाही म्हणते, मग तो तिला एक लांबलचक पत्र देतो, ती ते पुन्हा पुन्हा वाचते आणि एकेका वाक्यावर तिचं मत कसं हलत जातं ते आपण शेजारी बसून बघतो. तिला सांगता आलं नाही तरी आपण बोट ठेवून सांगू शकतो, बाई, इथे. माझ्या या पुस्तकात मी बोट कुठे ठेवू? दोन चॅप्टरच्या मधल्या कोऱ्या जागेवर?

आणि कुणी म्हणेल की तुला सगळं स्लो-बर्नच, म्हणजे हळूहळू फुलणारं प्रेमच पाहिजे, तर तसं अजिबात नाही. शाकुंतल बघा ना. दुष्यंत शिकारीला येतो काय, आश्रमात शिरतो काय आणि तिसऱ्या अंकापर्यंत गांधर्वविवाहाची गोष्ट निघतेसुद्धा. याहून घाई काय करणार? पण कालिदास त्या घाईत एवढंसं काहीतरी दाखवतो. शकुंतला निघालीये, चार पावलं जाते आणि पायात दर्भ टोचला म्हणून थांबते, झाडात वल्कल अडकलं म्हणून वळते, आणि ते वल्कल अडकलेलंच नसतं! संपलं. एवढ्यावर मी चार अंक विश्वास ठेवायला तयार आहे. आणि पुढचे चार अंक त्या घाईचं बिलच फाडलंय त्याने, आधी निरोप, मग दुष्यंत भर दरबारात ओळखच देत नाही, मग अंगठी, मग पश्चात्ताप, तेव्हा कुठे सातव्या अंकात भेट. घाई केली तर ती घाई आहे हे नाटकाला माहीत आहे. आमच्या पुस्तकाला माहीतच नाही, त्याला वाटतंय सगळं रीतसर झालं.

मग त्या रिकाम्या जागेत भरलंय काय, तर विशेषणं. त्याचे गहिरे डोळे, तिचं निरागस हसू, पाऊस तर विचारूच नका, एवढा पाऊस की दुकानातली घड्याळं गंजायची. शिवाय हिरॉईनची एक मैत्रीण दर दहा पानांनी येऊन सांगते की तुमची केमिस्ट्री काय भारी आहे. अगं बाई, आम्हाला दिसली असती तर तुला सांगावं लागलं असतं का?

पुढे व्हायचं तेच होतं. गैरसमज, अबोला. एक फोन केला असता तर साठ पानं वाचली असती, म्हणजे वाचावी लागली नसती. ती रडते, तोही रडतो, मी कोरडी ठणठणीत. काय हरवलंय तेच मला माहीत नाही तर मी रडू कशावर?

आणि गंमत अशी की याच पुस्तकात एक खरंखुरं प्रेम आहे. वडिलांकडे एक शेजारच्या बाई येतात, संध्याकाळी, पेपर वाचून दाखवायला. पहिल्यांदा येतात तेव्हा खुर्ची उचलून पलीकडे नेऊन बसतात. नंतर एकदा कुणी पाहुणा त्या खुर्चीवर बसलेला असतो तर या उभ्याच राहतात, दुसरी रिकामी खुर्ची असून. कुणी काही बोलत नाही. पार दोनशेच्या पुढे कधीतरी सहज लक्षात येतं की त्या कायम त्यांच्या डाव्या हाताला बसतात, कारण उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही आणि हे त्यांनी बाईंना कधी सांगितलेलं नसतं. मी मागे जाऊन मोजलं, सगळं मिळून वीसएक ओळी असतील. म्हणजे लेखिकेला येतंय हो हे! हिरो-हिरॉईनच्या वेळीच काय झालं कुणास ठाऊक, बहुतेक प्रेमकथा आहे म्हटल्यावर प्रेम होणारच, वाचकाने ते धरून चालावं असं वाटलं असणार.

हे सगळं मी मैत्रिणीला ऐकवलं. ती वैतागली, म्हणाली एवढं आहे तर तू काय घातलं असतंस त्या दोन महिन्यांत?

म्हटलं, फार काही नाही. घड्याळ दुरुस्त होतं, ती ते त्याच्या घरी नेऊन भिंतीला लावते, चावी देते, मनगटावरची वेळ बघते आणि काटे बरोबर त्या वेळेवर आणते, सवयच तशी. मग जराशी थांबते आणि बोटाने मिनिटकाटा सात मिनिटं पुढे सरकवते. तो चहा घेऊन बाहेर येतो तर ही भिंतीकडे तोंड करून उभी. त्याला काही कळत नाही. आठवड्याने कधीतरी ट्रेन पकडायच्या गडबडीत त्याची नजर घड्याळाकडे जाते आणि मग मोबाईलकडे.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, अगं, ती सात मिनिटं मी विसरलेच होते.

म्हटलं, लेखिकापण.