कोयनेचं पाणी, जतचं ऊन

(दृश्य : शिवसागर जलाशय, वरून. हळूहळू धरणाच्या भिंतीकडे.)

कोयना धरणात 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि ते दोन वाटांनी बाहेर पडतं. पश्चिमेकडचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून जवळपास पाचशे मीटर खाली कोसळतं, पोफळीची टर्बाइन्स फिरवतं, कोळकेवाडीला पुन्हा एकदा राबतं आणि वाशिष्ठीत जातं. पूर्वेकडचं पाणी पायथ्याच्या 40 मेगावॅटच्या वीजगृहातून नदीत येतं, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि सांगलीची वाट धरतं.

सगळा कोयना प्रकल्प 1,960 मेगावॅटचा. त्यात पूर्वेचा वाटा म्हणजे फक्त हे 40. तरीही सांगलीकरांना हवं असतं ते पूर्वेचंच पाणी. पश्चिमेला किती सोडायचं यावर कृष्णा पाणीवाटप लवादानं मर्यादा घातली आहे, 67.5 टीएमसीची. हिशेबाचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, आणि पाऊस कमी झाला की मार्चपासून सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत एकच चर्चा : धरणातलं उरलेलं पाणी विजेला की पिकाला?

(दृश्य : टेंभूचं पंपगृह. मोटारींचा आवाज.)

पूर्वेला आलेलं पाणी वीज तर फारशी देत नाहीच, उलट खातं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना. कृष्णेतून पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत आटपाडी, कवठे महांकाळ, जतपर्यंत न्यायचं. माणदेशानं आणि जतनं या पाण्यासाठी पिढ्या घालवल्या, मोर्चे काढले. पाणी आलं, पाठोपाठ बिलही आलं. या योजनांच्या वीजबिलात 81 टक्के शासनाचे आणि 19 टक्के शेतकऱ्याचे, अशी वाटणी ठरली, तेव्हा कुठं पंप नेमानं फिरू लागले.

आता ही वीज येते कुठून, ते पाहू. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, चंद्रपूर, कोराडी अशा केंद्रांतली. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाच एचपीची मोटर आठ तास चालली की तीस युनिटं जळतात, म्हणजे एकवीस किलो. एका विहिरीवर, एका दिवसात! राज्यात शेतीपंपांची जोडणी असलेले शेतकरी चाळीस लाखांच्या वर आहेत. सगळ्यांच्या मोटारी रोज आठ तास चालत नाहीत, हे खरं. तरीही महाराष्ट्राला उत्सर्जन कमी करायचं असेल तर मुंबईच्या मोटारगाड्यांइतकाच विचार तासगावच्या द्राक्षबागेतल्या पंपाचाही करावा लागतो.

(दृश्य : रात्र. उसाचा फड. बॅटरीचा उजेड, पाटातलं पाणी.)

सरकारनं या पंपाकडे पाहिलं, पण दारातून आत येताना कार्बनचं नाव घेतलं नाही. शहाणपणा केला. कारण इथल्या शेतकऱ्याची तक्रार कोळशाची नव्हतीच. थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा, उरलेले दिवस रात्री. रात्रपाळी आली की रात्री बारानंतर चिखलात उभं राहून दारं धरायची. पायाखाली काय आहे ते दिसत नाही आणि शिराळा-कराड पट्ट्यात उसात बिबट्या. फ्यूज गेला तर डीपीपर्यंत अंधारातच चालत जायचं.

म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 साली तिची दुसरी आवृत्ती. सबस्टेशनच्या आसपास जमीन घ्यायची, तिथं सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीचा फीडर, म्हणजे पंपांना वीज नेणारी वाहिनी, त्यावर चालवायचा. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात पॅनेल लावायची गरज नाही. जोडणी तीच, खांब तेच, वीज मात्र दिवसा. जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. खडकाळ माळरान असलेल्या जतमधल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. ही वीज वितरण कंपनीला तीन रुपयांच्या आसपास पडते. उद्दिष्ट 16,000 मेगावॅटचं आहे.

उपसा योजनांचीही पाळी आली आहे. म्हैसाळ योजनेसाठी जत तालुक्यात सौर प्रकल्प मंजूर झाला, त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज आहे. ज्या तालुक्यानं उन्हानं आयुष्यभर भाजून घेतलं, त्याच्याच उन्हावर त्याचं पाणी चढणार.

(दृश्य : मान्याचीवाडी. कौलांवर, पत्र्यांवर पॅनेल.)

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 साली राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. घराघरावर पॅनेल. गाव लहान, उजेड पडला मोठा. चांगलंच आहे. पण घरातला पंखा, टीव्ही आणि मिक्सर मिळून जेवढी वीज घेतात, त्याच्या कितीतरी पट शेतातली मोटर घेते, हे कौतुक करताना विसरू नये.

आणि इथंच धोरणाच्या पोटात एक गाठ आहे. 2024 साली साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली, 2029 च्या मार्चपर्यंत. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, त्यावर कुणी नाक मुरडायचं कारण नाही. पण बिलच नसलं की मोटर बंद कधी करायची हे सांगणारं कुणी उरत नाही. खानापूर, आटपाडीत बोअरवेल किती खोल गेल्यात ते गावागावात विचारा. सूर्याची वीज कितीही स्वच्छ असली तरी तिनं उपसलेलं भूजल परत येत नाही. मीटर बसवा म्हटलं की सगळ्या पक्षांचे नेते एकदमच खाली बघतात.

(दृश्य : पावसाळी पठार. धुकं. पवनचक्कीची पाती.)

राहिला वारा. साताऱ्याकडं वंकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरचं पठार, सांगलीकडं गुढे-पाचगणी, ढालगाव. एकेकाळी वंकुसवड्याच्या पवनचक्क्या बघायला सहली यायच्या. त्या वेळी बसवलेली बरीच यंत्रं 350 किलोवॅटची. आज दोन-तीन मेगावॅटचं एक यंत्र अशा सहा ते आठ यंत्रांचं काम करतं. म्हणजे राज्यातल्या उत्तम वाऱ्याच्या जागा आज जुन्या, छोट्या यंत्रांनी अडवून ठेवल्यात. ती काढून मोठी बसवायची तर मालक अनेक, जमिनीचे करार जुने, रस्ते अरुंद, वाहिन्या अपुऱ्या. जमिनीच्या व्यवहारात आपण फसलो, अशी या भागातल्या शेतकऱ्यांची भावना आहे, तीही बाजूला सारता येणार नाही.

तरी या वाऱ्याशिवाय भागणार नाही. इथली ऊर्जा ऋतूप्रमाणं येते. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, बगॅसवरची (उसाच्या चोयट्यावरची) वीज होळीपर्यंत चालते. उन्हाळा सूर्याचा. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर गावागावात दिवे लागतात, तेव्हा भार उचलायला कोयनेचं पाणी. मात्र जुलै-ऑगस्टला काय? कृष्णेला पूर असतो, वाहून जाणारं पाणी उचलून जत-आटपाडीचे तलाव भरून घ्या, अशी मागणी असते. पंप रात्रंदिवस चालवायची हीच वेळ. नेमकं तेव्हा जतवर ढग असतात, आणि पाटणच्या पठारावर माणूस सरळ उभा राहू शकत नाही इतका वारा.

2020 साली जाहीर झालेल्या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात सूर्यासाठी 12,930 मेगावॅटचं उद्दिष्ट होतं. वाऱ्यासाठी 2,500.