‘रेकॉर्ड’ हे क्रियापद आणि आपली नोंद

(ठाण्यात नौपाडा भागात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, आज या सभागृहात सरकारी आणि खासगी कचेऱ्यांत काम करणारी मंडळी आहेत, रुग्णालयांत पाळ्या करणाऱ्या परिचारिका आहेत, गृहनिर्माण संस्थांचे सचिव आहेत आणि रबाळे-महापे पट्ट्यातील कारखान्यांतून थेट इथे आलेले तरुणही आहेत. आपणा सर्वांना रोजच्या रोज इंग्रजीत काहीतरी लिहून ठेवावे लागते. ते इंग्रजी निबंधाचे नसते, पत्राचेही नसते. ते नोंदीचे इंग्रजी असते, आणि पुढे वाद निर्माण झाला, चौकशी लागली किंवा विम्याचा दावा अडला, म्हणजे प्रथम तेच वाचले जाते. इतके महत्त्वाचे असूनही ते शाळेत कोणी शिकवत नाही. म्हणून आजचे सगळे बोलणे मी ‘रेकॉर्ड’ या एका क्रियापदाभोवती ठेवणार आहे.

मराठीत आपण ‘नोंद’ हे नाम घेतो आणि त्याला करणे, घेणे, होणे, ठेवणे, असणे यांपैकी एखादे क्रियापद जोडतो. अर्थ ठरतो तो या जोडलेल्या क्रियापदाने. परिपत्रकाच्या शेवटी ‘सर्व कर्मचाऱ्यांनी याची नोंद घ्यावी’ असे वाक्य असते, तेव्हा कोणी वही उघडत नाही. ही बाब लक्षात ठेवा, एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘आवक वहीत नोंद करावी’ असे म्हटले की मात्र वही, अनुक्रमांक, तारीख आणि सही हे सगळे आले. नोंद घेणे ही मनाची क्रिया आहे आणि नोंद करणे ही हाताची. इंग्रजीत या दोन क्रियांना दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत: पहिलीसाठी ‘नोट’ आणि दुसरीसाठी ‘रेकॉर्ड’. आपल्या मनात दोन्हींसाठी ‘नोंद’ हाच शब्द असल्यामुळे लिहिताना कोणते उचलायचे याचा गोंधळ होतो, आणि हा गोंधळ वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

एका गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घेऊ. चौथ्या मजल्यावरील सदस्य गळतीची लेखी तक्रार देतात. सचिव इतिवृत्तात लिहितात, ‘द कंप्लेंट वॉज नोटेड’. तक्रार वहीत लिहून घेतली, एवढेच सांगण्याचा त्यांचा हेतू आहे. परंतु इंग्रजी वाचणारा त्याचा अर्थ असा लावतो की, तक्रार ऐकून घेतली आणि तिथेच सोडून दिली. हेच प्रकरण पुढे उपनिबंधकांपुढे किंवा सहकार न्यायालयात गेले, तर संस्थेने तक्रार वेळेवर स्वीकारली होती की तिच्याकडे डोळेझाक केली होती, हा प्रश्न त्या एका क्रियापदापाशी येऊन थांबतो. ‘द सेक्रेटरी रेकॉर्डेड द कंप्लेंट इन द रजिस्टर ऑन ४ जुलै’ असे लिहिले असते, तर कोणी, कशाची, कशात आणि कधी नोंद केली, या चारही प्रश्नांची उत्तरे एका ओळीत मिळाली असती.

‘कोणी’ या प्रश्नावर मला थोडे थांबायचे आहे, कारण मराठी आणि इंग्रजी यांची वाट येथेच वेगळी होते. ‘नोंद झाली’ हे आपले अत्यंत सोयीचे वाक्य आहे. त्यात नोंद करणारा दिसतच नाही. आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असलेला एक आकडा पाहा. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच काळात कुलाब्यात सुमारे ७३ मिलिमीटरची. हे वाक्य इंग्रजीत नेताना अनेक जण ‘रेकॉर्ड वॉज डन’ असे लिहितात, कारण डोक्यात नोंद हे नाम असते आणि त्याला झाली हे क्रियापद चिकटलेले असते. इंग्रजीत मात्र ‘रेकॉर्ड’ हेच क्रियापद असल्यामुळे त्याला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचे कर्म लागते. ‘सांताक्रूझ रेकॉर्डेड ९४४ मिलिमीटर्स ऑफ रेन’ हे वाक्य शुद्ध आहे. प्रत्यक्षात पाऊस मोजला पर्जन्यमापकाने आणि आकडा लिहिला वेधशाळेतील कर्मचाऱ्याने. तरीही इंग्रजीत ठिकाण कर्ता होऊ शकते, उपकरण होऊ शकते, माणूस होऊ शकतो आणि एखादे वर्षसुद्धा होऊ शकते. कर्ता सांगायचाच नसेल, तर ‘९४४ मिलिमीटर्स वॉज रेकॉर्डेड ॲट सांताक्रूझ’ अशी कर्मणी रचना आहेच.

हवामानाच्या बातमीत कर्ता कोण, याला फारसे महत्त्व नाही. जिथे जबाबदारी असते तिथे ते फार आहे. कारखान्यातील पाळीवहीचे एक पान डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळीच्या रकान्यात लिहिले आहे, ‘प्रेशर चेक्ड, ओके’. दाब किती होता, किती वाजता पाहिला, कोणी पाहिला, यातले काहीही त्या ओळीत नाही. पहाटे झडप निकामी झाली, तर ज्या कामगाराने इमानेइतबारे दर तासाला मापक पाहिला, त्याच्याच बाजूने बोलणारा कागद उरत नाही. आता दुसरी ओळ पाहा: ‘ॲट २.१० ए.एम. द ऑपरेटर रेकॉर्डेड अ प्रेशर ऑफ ६.२ बार’. ही ओळ लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही. ‘रेकॉर्ड’चे कर्म नेमके असावे लागते, ‘फीवर वॉज रेकॉर्डेड’ या वाक्यापेक्षा ‘द नर्स रेकॉर्डेड अ टेम्परेचर ऑफ १०२’ हे वाक्य डॉक्टरांच्या उपयोगाचे, कारण ताप नोंदला जात नाही, तापमान नोंदले जाते. येथील परिचारिकांना माझी कळकळीची विनंती आहे की, पाळी संपताना घाईत लिहिल्या जाणाऱ्या ओळींत निदान आकडा आणि वेळ या दोन गोष्टी सुटू देऊ नका. त्या ओळीवर पुढच्या पाळीतील औषध ठरते.

मराठीतून इंग्रजीत जाताना होणाऱ्या आणखी दोन चुका येथेच सांगतो. ‘तक्रारीबद्दल नोंद केली’ या वाक्यातला ‘बद्दल’ आपण इंग्रजीत घेऊन जातो आणि ‘रेकॉर्डेड अबाउट द कंप्लेंट’ असे लिहितो. या क्रियापदाला ‘अबाउट’ चालत नाही. जी गोष्ट नोंदली ती थेट त्याच्या पुढे येते. दुसरी चूक ‘रेकॉर्ड डाउन’ ही. राइट डाउन, नोट डाउन, टेक डाउन, जॉट डाउन या सगळ्यांत ‘डाउन’ आहे, म्हणून ‘रेकॉर्ड’लाही तो जोडावासा वाटतो, पण जोडायचा नसतो. आणि ज्यांना ‘डाउन’ लागतो त्यांच्यात सर्वनाम मध्ये बसते. ‘राइट इट डाउन’ म्हणायचे, ‘राइट डाउन इट’ नव्हे.

या भावंडांमधला फरकही ध्यानात असू द्यावा. ‘जॉट डाउन’ म्हणजे हाताला लागेल त्या कागदावर घाईने टिपून घेणे. ‘टेक डाउन’ म्हणजे दुसरा बोलत असताना त्याचे शब्द उतरवून घेणे. साक्षीदार बोलतो आणि लघुलेखक लिहितो, ते हे. ‘रेकॉर्ड’ मात्र पुढे पुरावा म्हणून उघडता येईल अशा ठिकाणी, अशा रीतीने लिहिणे. टिपलेला कागद फेकून दिला तरी चालतो. नोंदलेला फेकता येत नाही.

आता पोलीस ठाण्याकडे येतो, कारण कधी ना कधी आपल्याला तिथे जावे लागते आणि परत आल्यावर विमा कंपनीला किंवा कार्यालयाला इंग्रजीत कळवावे लागते. मोबाइल हरवला, किरकोळ भांडण झाले, शेजाऱ्याने शिवीगाळ केली, की आपण जातो आणि बाहेर येऊन सांगतो, ‘गुन्हा दाखल केला’. अनेकदा हातात असलेला कागद एन.सी.चा, म्हणजे अदखलपात्र तक्रारीचा असतो. अशा वेळी इंग्रजीत ‘अ केस वॉज रजिस्टर्ड’ असे लिहिणे चुकीचे ठरते. दखलपात्र गुन्ह्याची प्रथम खबर घेतली गेली, तर ‘रजिस्टर’ हे क्रियापद शोभते. अदखलपात्र बाबतीत पोलीस त्या माहितीचा सारांश वहीत लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत; तिथे ‘द कंप्लेंट वॉज एंटर्ड’ किंवा ‘रेकॉर्डेड ॲज नॉन-कॉग्निझेबल’ असे लिहावे. विमा कंपनीचा माणूस हा फरक जाणतो, आणि आपण चुकीचे क्रियापद लिहिले तर आपण खोटे लिहिले असा त्याचा समज होऊ शकतो.

कायद्याने ही क्रियापदे किती जपून वापरली आहेत ते पाहण्यासारखे आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १५४ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने घेतली. तोंडी दिलेली खबर अधिकाऱ्याने लेखी करावी, यासाठी त्या कलमाच्या इंग्रजी पाठात ‘रिड्यूस्ड टू रायटिंग’ असे शब्द आहेत. ती लेखी केलेली खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची असते आणि त्यावर त्याची सही घ्यायची असते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिली, तर ती देणाऱ्याने तीन दिवसांत सही केल्यावर ती ‘टेकन ऑन रेकॉर्ड’ होते. आणि या सगळ्याचा सारांश ठरलेल्या वहीत ‘एंटर्ड’ होतो. ऐकलेले कागदावर आणणे, आलेले दप्तरी स्वीकारणे आणि सार वहीत भरणे, अशा तीन वेगळ्या कृतींना तीन वेगळी क्रियापदे एकाच कलमात आली आहेत. कबुलीजबाब दंडाधिकारी नोंदवतात, तिथे मात्र कायद्याचा शब्द ‘रेकॉर्ड’ हाच आहे. पंचनाम्याला यांतले काहीच लावत नाहीत. पंचनामा ‘ड्रॉन अप’ होतो. आपल्या कायदेविषयक इंग्रजीवर अवजडपणाचा आरोप होतो, पण या कलमातील नेमकेपणा मला फार मोलाचा वाटतो. खबर देणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो, आणि कोणती पायरी झाली व कोणती राहिली हे त्याला त्या शब्दांवरूनच समजते.

महसुली कामातही असेच आहे. जमिनीचा वारस बदलला की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद करतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. इंग्रजीत ती ‘एंटर्ड’ आणि नंतर ‘सर्टिफाइड’. नोंद झाली म्हणजे सातबारावर नाव लागले, असा समज करून घेणारे लोक आजही उरण-पनवेलकडे भेटतात. दुसरी पायरी बाकी आहे हे इंग्रजीतील वेगळे क्रियापद स्पष्टपणे सांगते. जन्माचे म्हणाल तर १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत कळवायचे असते, आणि तिथे ‘रजिस्टर’ हेच क्रियापद. रुग्णालयाच्या वहीत जन्म ‘रेकॉर्ड’ झालेला असतो, परंतु महापालिकेत ‘रजिस्टर’ झाल्याखेरीज दाखला मिळत नाही.

न्हावा-शेवा बंदराशी संबंधित काम करणाऱ्यांना ‘लॉग’ हा शब्द रोजचा आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडत. ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून गेल्या त्यावरून वेग काढत आणि वहीत लिहीत. लाकडाचा तुकडा म्हणजे लॉग, म्हणून वही लॉगबुक झाली आणि पुढे लिहिण्याची क्रियाही ‘लॉग’ झाली. वेग आजही नॉट्समध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात. त्यामुळे ‘लॉग’मध्ये वेळेचा क्रम अंगभूत आहे: लिफ्टची दुरुस्ती, जनरेटरचे तास, पहारेकऱ्याची फेरी. एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘लॉग’ म्हणण्यापेक्षा ‘रेकॉर्ड’ म्हणणे बरे.

उच्चाराचे थोडक्यात सांगतो. नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर, ‘रेकॉर्ड’. क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि पहिला स्वर दबून ‘रिकॉर्ड’ असे ऐकू येते. परमिट, ऑब्जेक्ट, कंडक्ट या शब्दांचेही तसेच. मराठीत आघाताने नाम आणि क्रियापद वेगळे होत नाहीत, म्हणून कानाला सवय नसते. बैठकीत मोठ्याने वाचायचे असेल तर दोन वेळा म्हणून पाहावे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आठवणे असा होता आणि त्यात हृदयाला असलेला शब्द आहे. लिहिण्याचा अर्थ नंतर आला, आणि ध्वनी साठवण्याचा तर १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ केल्यानंतर. आपण मराठीत ‘रेकॉर्ड केले’ म्हणतो तेव्हा बहुधा हा शेवटचा अर्थ असतो, त्यामुळे ‘आय रेकॉर्डेड हिज स्टेटमेंट’ असे लिहिल्यावर फोनवर आवाज टिपला की कागदावर जबाब लिहिला, हे पुढे स्पष्ट करावे लागते. कागद असेल तर ‘इन रायटिंग’ आणि चित्रफीत असेल तर ‘ऑन व्हिडिओ’ जोडावे.

शेवटी, झालेली नोंद चुकली असेल तर काय, हे सांगणे आवश्यक आहे. पांढरा रंग फासून वर लिहिणे कोणत्याही वहीत वर्ज्य समजावे. चुकलेल्या शब्दांवर ते वाचता येतील अशी एकच रेघ मारायची, वर योग्य मजकूर लिहायचा आणि बाजूला तारखेसह सही करायची. इंग्रजीत या कृतीला ‘स्ट्राइक आउट’ म्हणतात. त्रुटी भरून काढण्यासाठी केलेला फेरबदल ‘अमेंड’ होतो. विधिमंडळात अध्यक्षांच्या आदेशाने एखादे विधान कामकाजातून काढून टाकतात तेव्हा ते ‘एक्सपंज’ होते. संस्थेच्या सभेत हा शब्द वापरू नये, कारण सभेत घडलेली गोष्ट पुसण्याचा अधिकार सचिवाला नसतो. इतिवृत्तात चूक राहिली असेल, तर पुढच्या सभेत ती दाखवून दुरुस्ती सुचवायची, आणि मगच सभेने ते इतिवृत्त कायम करायचे. त्या वेळी ‘द मिनिट्स वेअर रेड अँड कन्फर्म्ड’ एवढेच न लिहिता ‘कन्फर्म्ड विथ द फॉलोइंग करेक्शन’ असे लिहून खाली दुरुस्त केलेले वाक्य पूर्ण उतरवावे आणि त्यावर त्याच सभेत अध्यक्षांची सही घ्यावी.